भिकूमामांचं मोगाचं माप

आमचे भिकूमामा प्रेम घड्याळ लावून मोजत. गोव्यातल्या चोपड्याच्या फेरीबोटीवर दोर सोडण्याची त्यांची नोकरी. दोर सुटला की नजर मनगटावर. पोचवायला आलेलं माणूस धक्क्यावर किती मिनिटं उभं राहतं? "मोग पायांत दिसता, तोंडार न्हय," हे त्यांचं पालुपद.

हरमलची गोरी जोडपी बोट खोळंबेपर्यंत मुके घेत आणि बोट हलली की मागे राहिलेली मड्डम थेट सोड्याच्या गाड्यावर. "तोंडाक धा, पायांक शून्य!" पलीकडच्या शिवोलीच्या किरिस्तांव बायका रुमाल हलवत तीन मिनिटं काढत. आमच्या पेडण्याच्या बायका नवऱ्याकडे बघतसुद्धा नसत; पण "म्हशीक पेंड हाडूंक विसरू नकात!" असं ओरडत बोट अर्ध्या नदीत जाईतो उभ्या. त्यांना चार.

माझ्या बायकोला दीड मिळालं. "त्यातलां एक मिनिट चप्पल सोदपाक गेलां," मामा म्हणाले. उरलेल्या अर्ध्या मिनिटावर माझा संसार चालू आहे.

गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास बोटीवर कोकणी-मराठीवरून हमरीतुमरी चाले. मामा दोर गुंडाळत म्हणत, "खंयच्याय भाशेत निरोप घेयात. पाय एकच भास उलयतत."

मामीला मात्र कायमचं शून्य. ती धक्क्यावर कधी आलीच नाही. "दिवसाक वीस फेऱ्यो मारता हो मनीस," ती मला म्हणाली, "वीस फावट उबी रवलंय तर रांदतलो कोण?"

मग मामीच्या काळजाचं ऑपरेशन ठरलं, पणजीला. मामांनी रजा टाकली, पण ती ऐकेना. "शोभा आसा माझ्यावांगडा. तुमी घरा रवा. गायची धार कोण काडतलो?" शेवटी मायलेकी बोटीत आणि मामा धक्क्यावर. जन्मात पहिल्यांदा. मामीने वळून पाहिलं नाही. ती पिशवी छातीशी धरून बसली होती.

मीही पुढच्या फेरीने ऑफिसला जाणार होतो. जरा हसवावं म्हणून विचारलं, "मामा, किती झाली मिनिटं?"

त्यांनी मोकळं मनगट दाखवलं. "घड्याळ तिका बांदलां. थंय औशदाच्यो गुळयो वेळार घेवक व्हयो."

बोट पलीकडे लागली, रिकामी झाली, भरून परत आली. मी चढलो. मामा तिथेच उभे.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी बाही खाली ओढून घेतली.