भोयरभाऊंची बाईसाहेब

प्राचार्य प्रयोगशाळेत आले तरी भोयरभाऊ स्टुलावरून उठत नसत. दुरुस्तीला गेलेली पाण्याची मोटर परत आली, की मात्र ताडकन उभे राहत. हमालाच्या हातून स्वतः उतरवून घेत, शर्टाच्या बाहीने तिचं अंग पुसत आणि म्हणत, "या, बसा. लय तरास झाला न तुमाले?"

यंत्राला "तुम्ही" आणि माणसाला "तू", असा त्यांचा हिशेब होता. फिजिक्सच्या डॉक्टरेट झालेल्या प्राध्यापकांना ते भर वर्गात म्हणत, "अरे प्रोफेसर, सरक जरासा. पंख्यायले हवा लागू दे." आता पंख्याला हवा कशी लागते, हे त्या प्राध्यापकांनी कधी विचारलं नाही. भोयरभाऊंशी वाद घालण्याइतका वेळ कोणाकडेच नसायचा.

वर्ध्याच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते आणि भोयरभाऊ फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर. त्यांचं दार माझ्या दारासमोर, मधे लांबलचक व्हरांडा. त्यामुळे त्यांचे सगळे उद्योग मला आपसूक दिसत आणि नको असले तरी ऐकू येत. बायको लग्नानंतर वर्षभरातच तापाने गेली होती. नालवाडीत एका खोलीत एकटेच राहायचे. एकटे म्हणजे कूलरच्या मोटरी, मिक्सरची भांडी आणि मुक्या झालेल्या रेडिओंसकट. खोलीचं दार पूर्ण उघडायचं नाही, कारण मागे कुठलंसं यंत्र विश्रांती घेत असायचं. भंगारात काही दिसलं, की बोटाने फिरवून पाहायचे. फिरलं, की घरी. "फिरते न? मंग जित्तं हाय," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

एका उन्हाळ्यात शेजारणींच्या कुरड्यांवर कावळे फार यायला लागले. भोयरभाऊंनी टेबलफॅनच्या मोटरला टिनाची पाती आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून गच्चीवर कावळे हाकलायचं यंत्र बसवलं. यंत्राने असा काही जोर धरला की कावळे गेले आणि त्यांच्यामागून कुरड्याही गेल्या. सगळी गल्ली दुपारभर नालीच्या काठाने कुरड्या वेचत होती. बाया भांडायला आल्या, तर हे गृहस्थ शांतपणे विचारतात, "पन कावळा आला का एक तरी?"

अशा माणसाच्या हाती कॉलेजच्या स्वच्छतेचा प्रश्न पडला, याला आमचे ग्रह कारणीभूत होते की सरकार, कोण जाणे.

झालं असं, की नव्वदच्या सुमारास आमच्याकडे झाडझुडीला चार माणसं होती. एकेक निवृत्त होत गेलं आणि जागा काही भरल्या जाईनात. विचारलं, की वरून उत्तर यायचं, "भरती बंद आहे." दोन हजार साल उजाडून गेलं, तेव्हा एवढ्या मोठ्या इमारतीला एकटी यमुनाबाई उरली होती. तीही रोजंदारीवर. आज पर्मनंट होईल, उद्या होईल, या आशेवर तिची उमेदीची वर्षं गेली होती. नवरा नव्हता, लेक दहावीत होती. व्हरांडा झाडून झाला, की भिंतीला हात लावून उठायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची. पाठ सरळ व्हायला तेवढा वेळ लागायचा.

वर्धा म्हटल्यावर आमच्या प्राचार्यांना श्रमदानच सुचणार! नवे खराटे आले, पाहुणे आले, हारतुरे झाले, फोटो निघाले. पाव तासात सगळे चहाला गेले. मागे हारांच्या पाकळ्या आणि चहाचे कप यमुनाबाई एकटी गोळा करत बसली. मी तणतणत खाली उतरले, तर भोयरभाऊ आधीच तिथे उभे. नुसते तिच्या पाठीकडे पाहत राहिले.

पुढे एक दिवस ते लायब्ररीत आले. वर्तमानपत्र ते फक्त चित्रांसाठी पाहत. त्या दिवशी एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे खरं हाय का? तिकडं परदेशात मशीन आपल्या मनानं घर झाडून राह्यली?"

"छापलंय म्हणजे असेल खरं."

"मंग आपन कायले मागं राहाचं?" म्हणाले आणि गेले.

पत्र्याचा तेलाचा पिपा आडवा कापून मशीनचं अंग झालं. स्कूटरची बॅटरी, भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर, खाली नायलॉनचे गोल ब्रश, मागे कचऱ्याची पेटी. पुढे सायकलची घंटी. भिंतीला धडक बसली की घंटी वाजायची आणि मशीन तोंड फिरवून दुसरीकडे निघायची. तिचं नाव त्यांनी ठेवलं बाईसाहेब.

यमुनाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "वा रे वा! या खटाऱ्याले बाईसाहेब, अन् मले यमुने?"

"तू मानूस हायेस न," भोयरभाऊ म्हणाले.

स्नेहसंमेलनात बाईसाहेबांचं उद्घाटन ठरलं. आता उद्घाटन म्हणजे रांगोळी आलीच. आमच्या प्राध्यापिकांनी पहाटेपासून बसून प्रवेशद्वाराशी मोर काढला होता, पिसाऱ्यासकट. मशीनला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं. बाईसाहेब निघाल्या त्या थेट मोरावर. आधी मान गेली, मग पिसारा. प्राध्यापिका किंचाळत होत्या, भोयरभाऊ आनंदाने ओरडत होते, "पाहा, पाहा, कनभर ठेवून नाई राह्यल्या!" त्यानंतर पाहुण्यांनी दाराशी काढलेली एक चप्पल अर्धी आत घेऊन बाईसाहेब थांबल्या. ती चप्पल पक्कडीने काढावी लागली. पाहुणे भाषण न करता गेले, आणि तेवढ्यासाठी आम्ही सगळे मनातून मशीनचे आभारी होतो.

लोक हसले. पण भोयरभाऊ हटले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ब्रश बदलले, चाकं बदलली, घंटीची स्प्रिंग बदलली. आणि एका दुपारी बाईसाहेबांनी आमचा अख्खा व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडला. खोटं सांगत नाही, फरशी लख्ख!

"थो कोपरा राह्यला पाहा," यमुनाबाई म्हणाली. पण तेवढ्यापुरतंच. मग पायरीवर बसून तिने डबा सोडला. ती बसून जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी तिची भाकर उभ्याने, एका हातात झाडू धरून व्हायची. भोयरभाऊ मशीनचा एक स्क्रू पिळत बसले होते, तो केव्हाचा घट्ट झाला होता. लक्ष सगळं पायरीकडे. तेव्हा मला उमगलं, की हा सारा खटाटोप वर्तमानपत्रातल्या चित्रापायी नव्हता.

मग रोज दुपारी असंच चालायचं. बाईसाहेब घंटी वाजवत फिरायच्या आणि यमुनाबाई पायरीवरून त्यांना रस्ता सांगायची.

ही बातमी प्राचार्यांना कळली आणि ते हरखले. रिकाम्या जागांची तपासणी करायला नागपूरहून साहेब येणार होते. "मशीन दाखवू या त्यांना," प्राचार्य म्हणाले. "मनुष्यबळाशिवाय स्वच्छता! जिल्ह्यात नाव होईल."

त्याच दुपारी यमुनाबाई लायब्ररीत येऊन माझ्या टेबलाशी खाली बसली.

"ताई, मशीन झाडते म्हटल्यावर थे मले पर्मनंट काऊन करतीन?"

एवढी शिकलेली माणसं आम्ही, आणि हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जागा भरायची की कायमची रद्द करायची, हेच ठरवायला साहेब येत होते.

"भोयरभाऊंना सांगितलंस?"

"कसं सांगू? इतक्या हौसेनं बनोली त्यायनं. अन् माह्यासाठीच बनोली, मले का समजत नाई? नका सांगू जी तुमी बी. जे होईन थे होईन." तिने पदराने डोळे पुसले आणि झाडू उचलून गेली.

मी ऐकणारी थोडीच! उठले आणि तडक समोर गेले. भोयरभाऊ बाईसाहेबांना नवा रंग देत होते, निळा. मी सगळं सांगितलं. त्यांचा ब्रश तसाच हातात राहिला.

"जागाच जाईन म्हन्ते?"

"जाईल."

"हो का," म्हणाले, आणि राहिलेली बाजू रंगवायला लागले. मला इतका राग आला! वाटलं, या माणसाला मोटरीपलीकडे काही कळत नाही.

तपासणीच्या सकाळी मी जरा लवकरच गेले. भोयरभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बाईसाहेब टेबलावर उताण्या पडल्या होत्या. त्यांच्या पोटातली लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी जोडणं चाललं होतं. मी दारात दिसल्यावर ते दचकले.

"ताई, आज बाईसाहेबायची तब्येत बरी नाई," ते म्हणाले आणि झाकण लावून टाकलं. वायरी उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते, एवढं फिजिक्स मलाही येतं. मी आल्या पावली परत फिरले.

साहेब आले. प्राचार्यांचं भाषण झालं. बटण दाबलं. निळ्याशार बाईसाहेब एक झोकांडी घेऊन उलट्या निघाल्या, भिंतीला जाऊन टेकल्या आणि तिथेच चाकं घासत बसल्या. ब्रशांनी पेटीतला आठवड्याचा कचरा बाहेर फेकायला सुरुवात केली. साहेबांचा पांढरा शर्ट, प्राचार्यांचा चष्मा, कशालाच सोडलं नाही. पोरं शिट्ट्या मारत होती. कोणीतरी ओरडलं, "भोयरभाऊ, कुरड्या आनू का?"

प्राचार्यांनी चष्मा पुसत सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला. "हे असलं भंगार घेऊन आमची अब्रू घालवता? बंद करा हे चाळे!" भोयरभाऊ मान खाली घालून उभे होते. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सायेब, हे मशीनचं काम नाई जी. याले मानूसच लागते."

"ते दिसतंच आहे," साहेब शर्ट झटकत म्हणाले.

त्याच संध्याकाळी भोयरभाऊंनी बाईसाहेबांचा एकेक स्क्रू सोडवला. पुन्हा कोणी "दाखवा" म्हणायला नको. मोटर जळली, असं सगळ्यांना सांगितलं. पुढे कित्येक दिवस प्राध्यापक मंडळी त्यांना येताजाता चिडवत होती आणि ते हसून ऐकून घेत होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑर्डर आली. दोन जागा मंजूर झाल्या. एक यमुनाबाईची, आणि जोडीला आणखी एक बाई. यमुनाबाई पेढे घेऊन आधी माझ्याकडे आली, मग माझा हात धरून मला समोर घेऊन गेली. भोयरभाऊ रिकाम्या टेबलाशी बसले होते. त्या टेबलावर त्यांनी नंतर नवं काही मांडलंच नव्हतं. तिने त्यांच्या हातावर दोन पेढे ठेवले.

"तुमी मनाले लावून नका घेऊ भाऊ," ती त्यांची समजूत घालत म्हणाली. "लय मेहनत केली तुमी. नाई जमत एखाद्या वक्ती."

मी तोंड उघडणारच होते. भोयरभाऊंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पेढा तोंडात घातला.

"हो ना व," ते तिला म्हणाले. "नाईच जमलं."