घरट्यापासून दहा फुटांच्या आत

खिडकी लावायची की उघडी ठेवायची, एवढाच प्रश्न होता. कलमकाकांनी ती उघडी ठेवली, कारण लावायची तर खुर्चीतून उठावं लागलं असतं. खुर्चीतून ते फक्त दोनच कारणांसाठी उठत, ऑफिस आणि जेवण.

कलमकाका वन्यजीव परवाना कार्यालयात हेडक्लार्क. दुर्मिळ पशुपक्ष्यांच्या किती जवळ जायचं, कुणी जायचं, कुणी अजिबात जायचं नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. घरातसुद्धा ते कलमाचा आकडा सांगितल्याशिवाय मीठ मागत नसत, म्हणून हे नाव पडलेलं. (बायको मात्र त्यांना नुसतं "अहो" म्हणे, आणि त्या "अहो"पुढे आजवर एकही कलम टिकलं नव्हतं.)

मागची छोटी खोली काकांची. टेबल, वेताची खुर्ची, फायलींचं कपाट आणि बावीस वर्षांची शांतता. ती शांतता आता जाणार होती. बायकोचा भाऊ बदली होऊन चार महिने राहायला येणार होता, तोही व्यायामाच्या सायकलीसकट.

"त्याला मागची खोली देऊ. तुम्ही काय, हॉलमध्येही बसाल," बायको म्हणाली. काकांनी हातातला पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

आणि मग त्या उघड्या खिडकीतून शेंदरी भिंगरी आत आली. संरक्षित पक्ष्यांच्या यादीत पहिल्या पानावर असलेली! काका रोजच्यासारखे पेपर वाचत बसलेले, आणि तिनं आठवड्याभरात पडद्याच्या दांडीवर चिखलाचं घरटं बांधून तीन अंडी घातली. थोडा चिखल अग्रलेखावर पडला. काकांनी तो प्रसाद मानून पुसला.

मेहुणा सायकल घेऊन दारात आला, तेव्हा काका खोलीच्या उंबऱ्यावर हात आडवा करून उभे होते.

"कलम सतरा. अंडी असलेल्या घरट्यापासून दहा फुटांच्या आत माणसानं वावरायचं नाही."

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"पिल्लं उडेपर्यंत. पुढच्या हंगामात भिंगरी पुन्हा इथेच येणार. त्याच्या पुढच्याही."

"काही अपवाद?"

"तीन. आग, पूर आणि परवाना असलेला संशोधक. तुझा भाऊ यातला कोण?"

"तो विम्यात आहे," बायको पडलेल्या आवाजात म्हणाली.

मेहुण्याचं अंथरूण हॉलमध्ये पडलं. लग्नानंतर वादात पहिल्यांदाच जिंकलेल्या काकांना त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कळलं नाही.

घरट्याच्या राखणीसाठी काकांनी रजा टाकली, पण बायको कायदा पाळणारी. सकाळी उठून तिनं काकांच्याच ऑफिसात फोन केला आणि घरट्याची रीतसर नोंद करून टाकली. दुपारी निरीक्षकबाई टेप घेऊन हजर. त्यांनी दांडीपासून खुर्चीपर्यंत टेप धरला.

"चार फूट. काका, तुम्ही बाहेर."

"मी? अहो, मी हेडक्लार्क आहे!"

"कायद्यात 'माणसानं' असं लिहिलंय. टाइप तुम्हीच केलंय."

"अहो, उठा," बायको म्हणाली.

काका उठले. हॉलमध्ये एका बाजूला मेहुणा सायकलवर घामाघूम होत होता, दुसऱ्या बाजूला काका नियमांचं पुस्तक उलटंपालटं करत होते. आग नाही, पूर नाही, संशोधक होण्याचं वयही उलटलेलं. आपणच लावलेल्या सापळ्यात आपलाच पाय अडकला, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

तेवढ्यात आतून निरीक्षकबाईंची हाक आली. भिंगरी खिडकीत यायची, रिकाम्या खुर्चीकडे बघायची आणि भुर्रकन उडून जायची. चारदा झालं. अंडी गार पडायला लागली होती.

"हिला झालंय तरी काय?" बाई घाबरल्या.

"यांच्या टकलावर बसल्याशिवाय ती घरट्यात जात नाही," बायको शांतपणे म्हणाली. "चहा द्यायला येते ना मी, रोज बघते."

काका कानापर्यंत लाल झाले. ही गोष्ट त्यांनी ऑफिसात काय, घरातही कुणाला सांगितली नव्हती.

"बसा काका! पटकन बसा!"

काका बसले. भिंगरी आली, टकलावर टेकली, डावीकडे उजवीकडे बघितलं आणि सुळकन घरट्यात. बाईंनी पुस्तक उघडलं.

"कलम एकोणीस, पोटकलम ब. पक्ष्याचा घरट्याजवळचा नेहमीचा बसण्याचा आधार कोणत्याही कारणानं हलवता येणार नाही."

"कोणत्याही?" काकांचा आवाज चढला. "म्हणजे बाजारातून सामान आणायला?"

"नाही."

"माळा आवरायला?"

"ऑफिसलासुद्धा नाही, पिल्लं उडेपर्यंत रजा मंजूर. जेवणाचं ताटसुद्धा इथेच द्यावं लागेल."

कलमकाकांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. सतराव्या कलमानं घालवलेली खोली एकोणिसाव्यानं व्याजासकट परत दिली होती! मेहुण्यानं मुकाट्यानं हॉलमधलं अंथरूण नीट केलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बसल्या जागी ताट मागवलं, आणि ते आलं.

आठवड्यानं शिक्क्याचं प्रमाणपत्र घरी आलं. काकांनी बायकोला आणि मेहुण्याला खोलीच्या दारात उभं केलं, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"शेंदरी भिंगरीच्या बसण्याचा संरक्षित आधार, नग एक. उंची, पाच फूट चार इंच. आधाराचा प्रकार…"

इथे आवाज अडकला. फॉर्म काकांनीच तयार केलेला. त्यात चारच प्रकार होते: जिवंत झाड, खडक, भिंत, वठलेला बुंधा. माणूस असा रकानाच नव्हता. आणि बरोबरची खूण चौथ्यावर होती.

"ही खूण कुणी केली?" काका ओरडले.

"मी," बायको म्हणाली. "बाई म्हणत होत्या जिवंत झाड लिहू या. पण खाली सही माझी होती हो. सरकारी कागदावर खोटं कसं लिहायचं?"