बदली पार्टनर

आमच्या इमारतीतले शेषरावकाका सायकलला अहोजाहो करतात. "त्या आज जरा नाराज हायत," असं ते म्हणाले की समजायचं, मागच्या चाकात हवा कमी आहे. "त्यान्ला चढ सोसंना" म्हणजे चेनला तेल नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांच्या घरी सासूबाई आल्या असाव्यात, म्हणून मी तब्येतीची चौकशी केली. काका गंभीरपणे म्हणाले, "ब्रेक बदलले. आता बऱ्या हायत."

बायकोला मात्र ते 'पार्टनर' म्हणतात. गारखेड्यासारख्या साध्या वस्तीत, भर जिन्यात, चार लोकांसमोर, आणि तेही साठी उलटल्यावर. "ज्याच्यावर बसायचं त्याला मान द्यावा. घोड्याला 'अरे' म्हणलं तर पाडतंय ते," हे त्यांचं शास्त्र. मग बायकोचं काय, असं मी एकदा विचारलं. "ती बरोबरीनं चालवती. तिला कशाला मान पाहिजे?" यावर मंदाकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पाहिजे की! कोण नको म्हणलं?"

काका वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल हातात घ्यायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि निकाल द्यायचा, यात त्यांची उमर गेली. कारखान्यातून ते निवृत्त झाले, तपासणीतून काही झाले नाहीत. जगात गोष्टी तीनच प्रकारच्या: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. रिवर्क म्हणजे दुरुस्त करून परत आणा. आमच्या घरचा चहा रिवर्क. गल्लीतला रस्ता रिजेक्ट. सोसायटीचा चेअरमन रिजेक्ट, आणि त्याला ते तोंडावर सांगितलेलं आहे. स्वतःच्या जावयाला मांडवातच रिवर्क ठरवलं होतं, ते काम मुलगी अजून करते आहे.

निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात. काकांनी जाड टायरच्या, गिअरवाल्या, डोंगरात चालवायच्या दोन सायकली आणल्या. एक स्वतःला, एक काकूंना. हेल्मेट, काळा गॉगल, हातमोजे, गुडघ्याला ढाली, कोपराला ढाली, असा सगळा जामानिमा करून ते निघत, तेव्हा लढाईला चाललेत की दूध आणायला, हे कळायला मार्ग नसे. गिअर मात्र त्यांनी एकदाही बदलला नाही. "उगंच त्यान्ला तकलीफ कामून द्यायची?"

काकूंचं तसलं काही नाही. सलवार-कमीज, पायात बूट, ओढणी कमरेला घट्ट. बिडकीनकडच्या शेतवस्तीवर वाढलेली बाई. वडिलांच्या सायकलीच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शाळेत जायची. पाऊस उघडला, डोंगर हिरवे झाले, की दर रविवारी सकाळी दोघं निघत. कधी शहरालगतच्या सातारा डोंगराकडे, कधी दौलताबादच्या किल्ल्यामागच्या पायवाटांवर. परत आल्यावर काका जिन्यात भेटेल त्याला सांगत, "आज हिला लई अवघड वाटेनं नेलं." काकू तोवर खाली पार्किंगमध्ये दोन्ही सायकलींना कुलूप लावत असत.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, हळूहळू सायकलसुद्धा चालवा, बिनधास्त. पण बाई जी भ्याली ती गॅलरीतल्या खुर्चीतून उठेना. पाय लटपटतो, पडले तर, पुन्हा फाडावा लागला तर. आणि एक दिवस सरळ म्हणाल्या, "माझी सायकल विकून टाका. जागा अडवून राहिली नुसती."

काका त्यावर काहीच बोलले नाहीत. हा माणूस काही बोलला नाही म्हणजे काय, हे आमच्या इमारतीलाच कळेल. खाली पार्किंगमध्ये जाऊन काकूंची सायकल फडक्याने पुसत बसले. मी ऑफिसातून येत होतो. वर न बघताच म्हणाले, "भाऊ, ही विकली ना, तर ती त्या खुर्चीतून उठायची नाय."  मी आपलं, होईल सगळं ठीक, असं पुटपुटून जिना चढलो.

त्याच आठवड्यात त्यांनी मला धरलं. काकूंनी फर्मान काढलं होतं की एकट्यानं डोंगरात जायचं नाही, कुठं पडलात तर मी खुर्चीतून काय करू. म्हणून काकांना सोबत हवी होती, आणि इमारतीत रविवारी सकाळी घरात सापडणारा आणि नाही म्हणता न येणारा माणूस मीच. "तुमी बदलीवर या," काका म्हणाले. "पर्मनंट नाय. पार्टनर बरी झाली की तुमची सुट्टी." मी माझं पोट पुढे करून पाहिलं. "ते बी रिवर्क व्हईल," असं उत्तर मिळालं. आमच्या सौ. इतक्या आनंदल्या की त्यांनी रात्रीच माझे बूट दाराशी काढून ठेवले.

काकूंची सायकल मला मिळणार नव्हतीच. "तिच्या सीटची उंची बदलायची नाय," एवढ्यावर विषय संपला. मी लेकीची जुनी जांभळी सायकल काढली. तिला पुढे बास्केट आहे. बास्केटवर एक हसरं मांजर आहे. ते मांजर घेऊन मी सातारा डोंगर चढलो. रस्त्यातले गुराखी अजून मला ओळखतात.

"तुमी फुडं व्हा," काकांनी हुकूम सोडला. "कॅप्टन मागं राहतो." बरं, म्हणून मी पुढे झालो. अर्ध्या तासात वाट दोन्हीकडे फुटली. मी थांबलो, काका थांबले.

"आता कुठं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? कॅप्टन तुम्ही."

"फुडं तर तुमी होता ना?"

आम्ही डावीकडे गेलो आणि एका कोंबड्यांच्या शेडमध्ये निघालो. तिथल्या कुत्र्यांनी आम्हाला जो वेग दिला, तो नंतर कधी जमला नाही. पुढच्या रविवारी उजवीकडे गेलो, तर एका लग्नाच्या लॉनच्या मागच्या दारातून थेट आचाऱ्यांच्या कढईपाशी. तेव्हा मी काकांना खडसावून विचारलं, की बाबा, इतकी वर्षं तुम्ही या डोंगरात येता, तुम्हाला एकही वाट माहीत नाही?

काका जराही ओशाळले नाहीत. "वाट तिला ठाऊक. ती फुडं असती. मी तिचं मागचं चाक पाहत चालवतो. वाट कामून पाहू?"

म्हणजे जिन्यात 'हिला नेलं, हिला नेलं' म्हणून जो डंका वाजत होता, तो असा होता. मी हसून घेतलं. मग घरी येताना उगाचच त्यांच्याबरोबरीनं चालवत आलो, त्यांना एकटं मागे ठेवावंसं वाटेना.

दसरा आला. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात. काकांनी पार्किंगमध्ये दोन्ही सायकली धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूचे हार घातले. काकूंच्या सायकलीचा हार अंमळ मोठा होता. काकू वरून गॅलरीतून बघत होत्या. "विकायच्या मालाला हार कशाला?" त्या म्हणाल्या. काका हाराची गाठ मारत राहिले. ती गाठ त्यांनी तीनदा सोडून पुन्हा मारली.

दसऱ्याचं सीमोल्लंघन हे या जोडप्याचं मोठं व्रत. गावाची वेस ओलांडायची म्हणजे सोसायटीचं गेट ओलांडून कोपऱ्यावर जिलेबी घ्यायची, असं आमचं. यांचं खरंखुरं. सायकलीवर दौलताबाद, किल्ल्यामागचा डोंगर, तिथल्या आपट्याची पानं, आणि तेच सोनं सगळ्या इमारतीला. "बाजारात आपटा म्हणून काय बी खपवत्यात. माल खात्रीचा पाहिजे," असं काका दरवर्षी सोनं देताना ऐकवायचे. यंदा मात्र ते आणायला कॅप्टन आणि मांजर असे दोघेच निघाले.

हमरस्त्यावर ट्रकांना हार होते, कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. किल्ल्याला वळसा घालून आम्ही कच्च्या वाटेला लागलो आणि नेमानं चुकलो. पण यावेळी चुकून एका उंचवट्यावर आलो आणि सायकली आपोआप थांबल्या. खाली तळं काठोकाठ भरलेलं. पलीकडे झेंडूची शेतं, तोडून उरलेली, तरी पिवळी. आणि आम्ही उभे होतो तो सगळा उतार कुरडूच्या गुलाबी तुऱ्यांनी भरलेला, वाऱ्यानं एका अंगाला कलणारा. मी जन्मभर याच शहरात राहिलो आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी हेल्मेट काढलं, गॉगल काढला. बराच वेळ उभे राहिले. निकाल काही दिला नाही. मी खिशातून मोबाइल काढला. म्हटलं, काकूंना दाखवू. त्यांनी माझा हात धरून खाली केला.

"फोटो नक्को."

"अहो, एवढं छान आहे..."

"म्हून तर नक्को." आणि हेल्मेट घालून उतरायला लागले. मी मनात म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहेच, आज जरा जास्त.

आपट्याचं झाड सापडलं नाही. सापडणार कसं, ते काकू शोधायच्या. ऊन चढलं. शेवटी परतताना एका हॉटेलच्या भिंतीवरून डोकावणारं, जोडपानांचं झाड काकांना दिसलं. "हेच!" मग तपासणी सुरू झाली. एकेक पान उन्हासमोर धरून: भोक, रिजेक्ट. डाग, रिजेक्ट. कड वाकडी, रिजेक्ट. हॉटेलचा वेटर येऊन दोनदा ऑर्डर विचारून गेला. निवडक पानं मांजराच्या बास्केटमध्ये रचून आम्ही निघालो. त्या माणसानं प्रत्येक पान तपासलं, फक्त झाड तपासलं नाही.

घरी काकू गॅलरीतच होत्या. मी पाणी प्यायला म्हणून आत टेकलो.

"कसं होतं?" काकूंनी विचारलं. विचारलं साधंच, पण दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

"रिजेक्ट," काका बूट काढत म्हणाले. "काय सुदिक नाय राहिलं तिकडं. सगळं वाळून गेलं."

मी पाण्याचा पेला तोंडाशी तसाच धरला.

"तळ्यात पाणी?"

"कुठलं पाणी? चिखल हाय."

"कुरडू फुलला असंल की."

"कशाचा कुरडू? नुसतं गाजरगवत. तू काय चुकवलं नाय, पार्टनर. बरं झालं आली नाय. उगंच तंगडतोड झाली आमची."

आयुष्यात कधी खोटा माल पुढे जाऊ न दिलेला माणूस बायकोसमोर धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही धड जमत नव्हतं. माझ्याकडे बघायचं टाळत होता. तेव्हा मला डोंगरावर मोबाइल खाली करणारा तो हात कळला. आपण पाहिलं आणि तिचं राहिलं, हे तिला लागू नये, एवढ्यासाठी त्यांनी तो आख्खा डोंगर वाळवून टाकला होता. मला इतकं गलबलून आलं की मी उठून जाणार होतो. पण काकूंनी मला हातानं बसवलं.

त्या वाकल्या. काकांची पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती आणि मोज्यात कुरडूचा एक आख्खा तुरा अडकला होता. काकूंनी तो काढून मांडीवर ठेवला.  मग कुसळं वेचायला लागल्या, एकेक. काका पाय मागे घेईनात, पुढेही करीनात.

"सोनं आणलं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

काकांनी घाईघाईनं पानं पुढे केली. "हे मात्र खात्रीचं. किल्ल्यामागचं."

काकूंनी एक पान उचललं, तळव्यावर पसरलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"हा कांचन हाय."

"आपटा हाय तो!"

"आपट्याचं पान एवढं मोठं असतंय व्हय? कुणाच्या दारातला तोडला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेल्यात बघितलं.

"आश्विनात त्या तळ्यात चिखल म्हणं," काकू म्हणाल्या.  "डोंगर वाळला म्हणं. दौलताबादला गेलते का कुठं? तुमच्या जिवावर सोडलं तर फुडल्या साली एरंडाची पानं वाटताल लोकान्ला." त्यांनी खुर्चीचे दांडे धरले, उठून उभ्या राहिल्या आणि गॅलरीच्या कठड्याशी जाऊन खाली पार्किंगमध्ये बघत राहिल्या. "माझ्या सायकलीत हवा भरून ठेवा. दिवाळीच्या आत मलाच यावं लागंल. सपाटीनं जाऊ, हळूहळू. उतरून चालीन चढाला."

 काका एकदम उठले आणि "पंप कुठं ठेवला, पंप," असं म्हणत आतल्या खोलीत गेले. पंप दाराच्या मागेच उभा होता, मला दिसत होता, काकूंनाही दिसत होता.  काका बराच वेळ आतच होते.