दिवसा घरी कोण असतं?

अनोळखी घराची कडी वाजवायची आणि दार उघडणाऱ्या बाईला, नमस्कार नाही चमत्कार नाही, एकदम "दिवसा घरी कोण असतं?" असं विचारायचं, हे काम एरवी चोर करतात. आमच्या चिंचवडच्या कंपनी-कॉलनीत ते इनास लोपीस करायचे. सी ब्लॉकमध्ये नव्यानं आलेल्या एका बाईंनी तर धाडकन दार लावून घेतलं आणि गॅलरीत जाऊन आरडाओरडा केला. माणसं धावून आली, तर लोपीस जिन्यात शांत उभे.

"घाबरू नका," ते म्हणाले, "मी आईसाठी जागा बघतोय."

पन्नाशीला टेकलेला, खाकी शर्टाच्या खिशात मायक्रोमीटर बाळगणारा माणूस आईसाठी जागा बघतोय म्हटल्यावर त्या बाईंना दया आली. ही आई म्हणजे येशूची आई मारिया, आणि जागा हवी आहे ती एका रात्रीपुरती, हे त्यांना नंतर समजावून सांगावं लागलं.

ऑक्टोबर हा कॅथलिक लोकांत मारियाच्या जपमाळेचा महिना. तेव्हा तिची मूर्ती घरोघर मुक्कामाला जाते. रोज संध्याकाळी एका घरातून निघायचं, मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत दुसऱ्या घरी पोचायचं, तिथं माळ जपायची आणि उकडलेले चणे खाऊन पांगायचं. आई मात्र ती रात्र आणि दुसरा दिवस तिथंच. ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. कॉलनीत कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि महिना पुरा एकतीस दिवसांचा. या सगळ्या व्यवस्थेवर लोपीसांनी स्वतःची नेमणूक करून घेतली होती. फादरांनी त्यांना नेमलेलं नव्हतं, पण काढण्याची हिंमतही फादरांना नव्हती.

लोपीस मूळचे वसईचे. लग्न केलेलं नाही, ए ब्लॉकच्या टोकाला एका खोलीत मुक्काम. मी ड्रॉइंग ऑफिसात आणि ते आमच्याच कंपनीत इन्स्पेक्टर. त्यांच्या हातात कायम एक गो-नो-गो गेज असे. हे मापाचं साधं अवजार: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं, तर माल बाद. लोपीसांनी या एका अवजारावर सगळं जग तपासलं होतं. कँटीनचा चहा नो-गो. नवा मॅनेजर नो-गो. माझं लग्न ठरलं तेव्हा कुसुमशी पाच मिनिटं बोलून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गो, राव." सासऱ्यांच्या आशीर्वादापेक्षा मला त्याचा धीर जास्त आला.

"चालवून घ्या ना," असं कोणी म्हटलं की ते भडकायचे. "चालवून घ्यायला ती काय बैलगाडी आहे? बसतं, नाहीतर बसत नाही." मूर्ती नेण्यासाठी काचा लावलेली लाकडी पेटी करायची होती, तर सुताराकडून त्यांनी ती तीनदा करवून घेतली. तिसऱ्यांदा सुतारानं हात जोडले आणि आईला स्वतःच उचलून बघितलं. ती पहिल्याच पेटीत नीट बसत होती.

पण घरांच्या बाबतीत त्यांचं गेज आम्हाला कधी कळलंच नाही. बी ब्लॉकमध्ये एक नर्सबाई होत्या. रोज चर्चला जाणाऱ्या, सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, घर आरशासारखं लख्ख. पण नवराबायको दोघंही ड्यूटीवर. लोपीसांनी त्यांना बाद केलं. बाई रडल्या, फादरांनी शब्द टाकला, लोपीस ढिम्म. "दिवसा घरी कोण असतं? कुलूप! आईला कुलपात ठेवू?"

"अहो, मूर्ती आहे ती," फादर हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे फादर. मीच उचलतो."

आमच्या घरी मात्र 'नमो मारिया' या त्यांच्या प्रार्थनेचा एक शब्द कोणाला येत नव्हता. आम्ही चऱ्होलीचे. माझी आई गळ्यात तुळशीची माळ घालणारी. शेजारच्या परेरांकडे मूर्ती आलेली तिनं बघितली आणि लोपीसांना जिन्यातच गाठलं. "येवढी बाई गावात आलीया, आन आमच्याकडं न्हाई?"

लोपीसांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "दिवसा घरी कोण असतं?"

"म्या हाय की. कुटं जातीया म्या?"

"गो!" लोपीस म्हणाले.

अशा रीतीनं मारिया आमच्याकडे आली, ती ऐन नवरात्रात. एका कोपऱ्यात घट, दुसऱ्या कोपऱ्यात काचेच्या पेटीतली मारिया. आईनं दोघींची ओटी भरली. पेटीवर हळदकुंकू पाहून लोपीसांच्या कपाळाची शीर उडाली, पण कुंकू काचेला लागलंय, मूर्तीला नाही, याची खात्री करून ते गप्प बसले. कॉलनीतल्याच सय्यद मिस्त्रींच्या अम्मीही दिवसभर घरी असायच्या, म्हणून लोपीस तिथंही विचारून आले. अम्मी म्हणाल्या, "मूर्ती आमच्यात नाही चालत, भाई. पण बीबी मरियम आमचीपण आहे." आणि मारिया ज्या घरी असेल तिथं त्या शेवया पाठवू लागल्या. लोपीसांनी त्यांना "गो, मूर्तीशिवाय" असा खास शेरा दिला.

दोन-तीन वर्षं अशी गेली. ज्या माणसानं महिनाभर रोज मारियाला हातांत धरून जिने चढायचे, त्याच्या स्वतःच्या खोलीत ती कधीच जात नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ते आलं आईच्या. तिनं विचारलं, तेव्हा लोपीस चण्यांची पुडी बांधत म्हणाले, "आमच्याकडं नो-गो, आजी. दिवसा कोणी नसतं." एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी आईकडे बघितलं नाही, आणि माझी आई अशा गोष्टी सोडणाऱ्यातली नव्हती.

त्या वर्षी शेवटचा मुक्काम आमच्याकडे होता. बुधवारची संध्याकाळ. मेणबत्त्या घेऊन सगळे दाराशी आले. लोपीसांच्या हातांत पेटी. आणि आई उंबऱ्यावर दोन्ही हात पसरून उभी.

"आमाला सोयर हाय. नागपूरच्या पुतण्याला लेक झाली. धा दिस देव शिवायचा न्हाई."

मी कुसुमकडे बघितलं, कुसुमनं माझ्याकडे. माझ्या वडिलांना भाऊच नव्हता.

"आजी, आमच्यात सोयर नसतं," लोपीस म्हणाले.

"तुमच्यात नसंल. घर माजं हाय."

लोपीसांनी आजूबाजूला बघितलं. परेरा गावाला गेले होते. बाकीच्या घरांचे मुक्काम होऊन गेलेले, आणि उरलेली त्यांनीच कधी ना कधी बाद केलेली. तपासणीत आपलाच माल अडकल्यासारखे ते उभे राहिले. मेणबत्त्यांचं मेण लोकांच्या हातांवर ओघळायला लागलं.

"तुमची खोली हाय की," आई म्हणाली.

"दिवसा तिथं..."

"उद्या बेस्तरवार. कंपनीला सुट्टी."

"मला ओव्हरटाइम आहे."

"मग नका जाऊ."

हा उपाय लोपीसांना आयुष्यात कोणी सुचवला नसावा. ते वळले. नर्सबाईंनी गाणं सुरू केलं आणि सगळी माणसं ए ब्लॉककडे चालू लागली.

गुरुवारी दुपारी आईनं मला डबा देऊन पाठवलं. सोयरात देवाला नैवेद्य चालत नाही, माणसाला चालतो, असं तिचं तेव्हापुरतं शास्त्र होतं. लोपीसांचं दार उघडंच होतं. खोलीत एक खाट आणि एकच खुर्ची. खुर्चीवर मारिया, पेटीतून बाहेर काढलेली. लोपीस खाली फरशीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते आणि तिच्याशी बोलत होते. ते बोलणं वसईकडच्या त्यांच्या बोलीत होतं. इतक्या वर्षांत मी ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. सगळं कळलं नाही, पण समोरच्या ब्लॉकात कोण राहतं, नळाला पाणी कधी येतं, आत्ता वाजला तो भोंगा कुठल्या कंपनीचा, असं ते तिला एकेक सांगत होते. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला सांगतात तसं.

मला बघून ते थांबले. डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, आणि गो म्हणायचं सोडून भलतंच बोलायला लागले.

"माझी आई आली होती इथं. एकदाच. मी नवीन होतो, एक ओव्हरटाइम सोडत नव्हतो. सकाळी जायचो, अंधार पडल्यावर यायचो. तिचं ते आमच्या वसईकडचं तांबडं लुगडं, इथं कोणी न बघितलेलं. बाहेर बसली की पोरं जमून बघायची, म्हणून दार लावून आत बसायची. एक दिवस मला विचारते, इनास, तुझ्या या गावात दिवसा घरी कोण असतं रे?"

शेंगेतला वाल त्यांनी भांड्यात टाकला.

"मी म्हटलं, कोणी नसतं, सगळे कामावर. हसलो पण होतो, राव. मग ती गेली गावाला. पुन्हा ये म्हटलं, तर म्हणाली, दिवसा कोणी असेल तेव्हा येईन. मग वारलीच."

मला फार वाईट वाटलं. दारादारांतून विचारलेल्या त्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षं हसत आलो होतो. मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला लागलो.

पुढच्या ऑक्टोबरात लोपीस घरं ठरवायला निघाले, तेव्हा आईनं त्यांच्यापुढे हात पसरला. "चावी द्या." कशाला, कुठली, हे काही तिनं सांगितलं नाही, आणि लोपीसांनीही विचारलं नाही. त्यांच्या खोलीवर मुक्काम पडला, त्या दिवशी लोपीस पहिल्या शिफ्टला गेले आणि आई सुपात मेथीची जुडी घेऊन ए ब्लॉकला गेली.

दुपारी त्यांची शिफ्ट सुटल्यावर, आईला आणायला लवकर निघालेला मी आणि लोपीस बरोबरच आलो. खोलीचं दार सताड उघडं. खुर्चीवर मारिया, खाली आई, आणि कुसुमच्या स्वयंपाकाबद्दल तिची तक्रार अगदी रंगात आलेली. लोपीस स्वतःच्याच दाराच्या कडीवर हात ठेवून थबकले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "दिवसा घरी कोण असतं?"

आईनं मेथीवरून मान वर केली नाही.

"आमी दोगी हाय की," ती म्हणाली.

लोपीस गोही म्हणाले नाहीत आणि नो-गोही म्हणाले नाहीत. बूट काढले, जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि आपल्याच उंबऱ्यावर, पाहुण्यासारखे, बसून राहिले.