सासऱ्यांच्या लाँड्रीत मायक्रोसर्व्हिसेस

लिनक्स, मायक्रोसर्व्हिसेस आणि त्यांना लागणारी टूल्स यातलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या खानदानात कुणाला कळत नाही! बाकीचे सगळे सुखी आहेत, ही गोष्ट वेगळी.

सासऱ्यांच्या लाँड्रीत एका जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर एकच प्रोग्रॅम होता. तोच कपडे नोंदवायचा, तोच बिल करायचा आणि कपडे झाले की गिऱ्हाइकाला मेसेजही तोच धाडायचा. वर्षानुवर्षं, बिनबोभाट! मला ते बघवेना. त्यातून आमचे साडू डॉक्टर, त्यामुळे सासरी शब्दाला वजन त्यांच्याच. आपलंही वजन दाखवायची ही संधी होती.

मी प्रोग्रॅमचे तुकडे केले. नोंदणी वेगळी, बिल वेगळं, मेसेज वेगळा; ह्याच त्या मायक्रोसर्व्हिसेस. मग तुकडे सांभाळायला एक टूल, त्या टूलवर नजर ठेवायला दुसरं, आणि दुसऱ्याला डुलकी लागली तर उठवायला तिसरं. निरोप पोचवायचं टूल तर मी अगदी पारखून घेतलं. त्याच्या माहितीत ठळक लिहिलं होतं, निरोप किमान एकदा तरी पोचणारच. मी ते सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"आणि जास्तीत जास्त किती वेळा?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

मी नुसता हसलो. उत्तर माहीत नसलं की जाणकार माणसं हसतात.

सोमवारी सकाळी मेसेज सुटले, 'आपले कपडे तयार आहेत. आजच न्या.' चार टूल्सच्या ओझ्याने कॉम्प्युटर मेटाकुटीला आलेला, त्याला निरोप पोचल्याची पोच वेळेवर देता येईना. पोच नाही म्हणून मेसेज पुन्हा गेला. पुन्हा पोच नाही, पुन्हा मेसेज! दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कपडे कधीच घेऊन गेलेली माणसंही आपलं काय राहिलं ते बघायला आली. एक निवृत्त हेडमास्तर तर अडूनच बसले. एवढ्यांदा बोलावताय म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणून गर्दीत ते एक सूट उचलून चालते झाले. तो साडूंचा होता. संध्याकाळी त्यांना तो घालून परिषदेत भाषण करायचं होतं!

मी सासऱ्यांपुढे स्क्रीन धरली. "बघा ना, सगळे दिवे हिरवे आहेत. प्रत्येक सर्व्हिस आपापलं काम चोख करतेय."

"हो ना," ते म्हणाले, "दुकान तेवढं बंद पडलंय."

मग त्यांनी माझी टूल्स काढायला लावून जुना प्रोग्रॅम सुरू केला. साडू भाषणाला माझा नवाकोरा सूट घालून गेले, आणि त्यांना तो माझ्यापेक्षा शोभला. फार वाईट वाटलं मला.

"जावईबापू, एकदाच सांगतो," मी निघताना सासरे म्हणाले, "त्या कॉम्प्युटरला पुन्हा हात लावू नका."

शब्दाचा पक्का माणूस! त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. सासूबाई मात्र प्रत्येक भेटीत किमान एकदा तरी सांगतातच. मी दर वेळी मान हलवून पोच देतो. त्यांना ती मिळत नसावी.