पुढील आदेशापर्यंत बाही

आमच्या घरात वेबसाइट पाहण्याचं काम पूर्वी अत्यंत बेशिस्तीने चालत असे, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं. ज्याला जे पाहायचं असेल ते तो उघडी, पाही आणि सुखी होई. नोंद नाही, वर्गवारी नाही, कुणाची मंजुरी नाही. घरात मिळून एक टॅबलेट, तो जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून उभा असे आणि जाता-येता कुणीही त्याला बोट लावत असे.

त्यातल्या त्यात सासूबाईंची पद्धत सर्वांत सोपी होती. त्यांना साऱ्या जगात एकच वेबसाइट आवडायची आणि ती त्या कधी बंदच करत नसत. एक बाई हिरव्या खुर्चीत बसून विणकाम शिकवायची. तिचा चेहरा कधी दिसत नसे. दिसायचे ते नुसते हात, सुया आणि खुर्चीचा उसवलेला हात. रोज सकाळी ती थोडंसं विणून दाखवी आणि थांबे. सासूबाई चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसत, "आलीस का गं बाई?" असं रीतसर विचारत आणि मग दोघी मिळून विणत. त्या वेबसाइटचं नाव काय, पत्ता काय, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. शेजारणीकडे जाताना दारावरची पाटी कोण वाचतं?

त्या वर्षी दोन गोष्टी बरोबरच घडल्या. आमच्या लेकीला, म्हणजे भिंगरीला, कडाक्याच्या थंडीच्या गावी नोकरी लागली. आणि आमचे हे निवृत्त झाले.

भिंगरीला थंडी मुळीच सोसत नाही. पंखा जरा जोरात फिरला तरी तिचं नाक लाल होतं. सासूबाईंनी लगेच लोकर आणवली. पाठ झाली, पुढा झाला. बाहीवर मनगटापासून पानांची एक वेल चढत जाणार होती आणि खांद्यापाशी शेवटचं पान मिटणार होतं. ती वेल हिरव्या खुर्चीवालीची. रोज एक पान ती दाखवी, रोज एक पान सासूबाई विणत. नात निघायच्या आत दोन्ही बाह्या व्हायला हव्या होत्या, आणि तशा त्या सहज झाल्या असत्या.

ह्यांची हयात एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. ह्यांच्या कारकिर्दीत एकही फाइल हरवली नाही, असं निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले. ते खरंच आहे. ह्यांनी कुणाला फाइल दिलीच नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी हे टॅबलेटसमोर बसले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अगं, इथे केवढ्या टॅब उघड्या आहेत!"

"असू दे की. खातात का काही?"

"उघडी टॅब म्हणजे टेबलावर उघडी पडलेली फाइल," हे म्हणाले. "वारा आला की गेली."

संध्याकाळपर्यंत ह्यांनी एका ऑनलाइन बुकमार्क-सेवेत घराचं खातं उघडलं. आवडत्या वेबसाइट एका जागी जमवा, त्यांना नावं द्या, फोल्डर करा, हवं तेव्हा परत भेट द्या, अशी ती मोठी गुणी सेवा. ह्यांनी दिसेल ते पान जतन केलं, सगळ्या टॅब बंद केल्या, मागचा इतिहास पुसून टाकला आणि हात झटकले. इतिहास इतक्या झटपट पुसताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

सकाळी सासूबाई चहा घेऊन बसल्या. टॅबलेट कोरा करकरीत.

"अरे, माझी बाई कुठे गेली?"

"गेली नाही आई. जतन झाली."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "जतन झाली म्हणजे? कशाने?"

"तसं नव्हे गं! सुरक्षित आहे ती. फक्त तिची वर्गवारी व्हायची आहे."

वर्गवारी एकट्याने करणं ह्यांना पक्षपाती वाटलं, म्हणून शेजारच्या परीक्षककाकांना समितीवर घेण्यात आलं. काका शाळेचे पेपर तपासून म्हातारे झाले आणि आयुष्यात त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, बायकोच्या स्वयंपाकालाही नाहीत. दोघांनी चहा घेऊन प्रश्न हाती घेतला : विणकाम कुठे ठेवायचं?

"कला," हे म्हणाले.

"कलेत उपयोग बसत नाही," काका म्हणाले. "अंगात घालता येतं ती कला कसली? वस्त्रोद्योगात घाला."

"पण डॉक्टर म्हणाले होते, बोटांना व्यायाम होतो म्हणून. मग आरोग्य?"

"आणि विणणारी व्यक्ती ज्येष्ठ नागरिक आहे, हे विसरू नका."

"मी इथेच बसलेय," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारा की."

"आई, तू लाभार्थी आहेस. लाभार्थीला समितीत बसता येत नाही."

निर्णय होईपर्यंत ते पान 'निर्णयाधीन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावं आणि तोवर कुणी उघडू नये, असं ठरलं. मग सगळंच निर्णयाधीन होऊ लागलं. माझा गॅस दुरुस्तीवाला तिथे गेला, भिंगरीचं बसचं वेळापत्रक तिथे गेलं. फोल्डर तुंबला तसे त्याचे पोटफोल्डर झाले आणि पोटफोल्डरांना टॅग लागले. हे दिवसभर टॅग लावत असत. स्वेटरवर टाके नसतील इतके टॅग.

इकडे बाही मनगटाकडून वर चढत खांद्याच्या अंतरावर आली. इथून मुंड्याला, म्हणजे बाही खांद्याला बसते तिथे, टाके कमी करायचे. कुठे, किती आणि वेल कशी मिटवायची, ते हिरव्या खुर्चीवालीलाच ठाऊक.

"आई, अंदाजाने करा ना," मी म्हटलं.

"अंदाजाने भाजी होते गं. मुंडा होत नाही. आणि तिची वेल आहे ती. तिला न विचारता कशी तोडू?"

"मग थांबा जरा."

"थांबले तर हात सैल पडतो. मग खालची वीण वेगळी न् वरची वेगळी."

प्रकरण ह्यांच्यापुढे गेलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, थोडा विचार केला आणि तोंडी आदेश दिला, "संदर्भ उपलब्ध होईपर्यंत बाहीचं काम आहे त्याच पद्धतीने चालू ठेवावं."

"म्हणजे सरळ विणत जाऊ?"

"पुढील आदेशापर्यंत."

सासूबाई मुलाचा शब्द कधी मोडत नाहीत. त्या सरळ विणत गेल्या.

बाही गुडघ्यापर्यंत आली तेव्हा आम्ही हसलो. जमिनीला लागली तेव्हा मी खाली चादर अंथरली. पुढच्या आठवड्यात तिने जेवणाच्या टेबलाच्या पायाला वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर डोकं टेकलं. पानांची वेल मात्र सुरेख चालली होती. पान डावीकडे, पान उजवीकडे, कुठे चूक नाही, कुठे शेवट नाही. ह्यांनी दारावर पाटी लावली : 'बाही जपून ओलांडावी.' दूध द्यायला येणारी बाई एकदा तिच्यात पाय अडकून पडली आणि उठून बसत म्हणाली, "वहिनी, एवढा लांब हात कुणाचा आहे तुमच्यात?"

भिंगरीने आपल्या परीने शोध घेतला. इंटरनेटवर विणकाम शिकवणाऱ्या हसऱ्या बायकांचा महापूर आला. एका झटक्यात बाही, डोळे मिटून बाही, बाही विणा आणि वजन घटवा. हिरवी खुर्ची कुठेच नाही.

"बाबा, तुमच्या त्या खात्यात 'बाही' म्हणून शोधा की."

"शोधलं. निरंक."

"का पण?"

"बाही हा बोलीतला शब्द झाला. टॅग 'वस्त्रावयव' असा आहे."

'वस्त्रावयव' टाकल्यावर पत्ता लागला. परीक्षककाकांच्या शिफारशीनुसार ते पान मध्येच कधीतरी 'अत्यंत महत्त्वाचे' या फोल्डरमध्ये बढतीवर गेलं होतं. आणि अत्यंत महत्त्वाचं काही चुकून कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्या फोल्डरला कुलूप होतं. कुलपाचा पासवर्ड ह्यांनी एका पानावर लिहून जतन केला होता. ते पान अत्यंत महत्त्वाचं असल्यामुळे आत होतं.

"शाबास," भिंगरी म्हणाली. "किल्ली कपाटात ठेवून कपाट लावलंत."

"धोरण योग्यच होतं," हे म्हणाले. आवाज मात्र जरा उतरला होता.

भिंगरीची बॅग भरून दाराशी उभी होती. गाडी दुपारची. सासूबाई विणत होत्या आणि मधूनमधून बॅगेकडे बघत होत्या. भिंगरीने टॅबलेट पुढ्यात ओढला. पासवर्ड विसरलात का, असं ती सेवा आपुलकीने विचारत होती. मग खातं काढताना ह्यांनी स्वतःच निवडलेला सुरक्षा-प्रश्न समोर आला : तुमची सर्वांत आवडती वेबसाइट कोणती?

ह्यांनी चष्मा काढून पुसला.

एक नाव घालून पाहिलं, चूक. दुसरं घातलं, तेही चूक. घरातल्या सगळ्या आवडी ह्यांच्या ताब्यात होत्या, नाव, टॅग, पोटफोल्डर यांसह. पण जतन केल्यावर त्यातल्या एकीकडेही हे परत फिरकले नव्हते.

"अरे, तुला आवडलेली एक तरी सांग ना," सासूबाई हळूच म्हणाल्या. लहानपणी जेवायला काय करू म्हणून विचारत असतील ना, तशा.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? नवऱ्याची आवड मला ठळक दिसते, पण ती सगळी टॅगांचीच.

भिंगरी एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही 'नंतर ठरवू' असं लिहिलं असणार."

तिने ते लिहिलं. कुलूप उघडलं.

सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या, पदराने हात पुसले, केससुद्धा नीट केले. भिंगरीने पान उघडलं. खुर्ची होती. हात नव्हते. खुर्चीच्या फोटोखाली थोडा मजकूर होता, तो तिने मोठ्याने वाचला.

"या पानाला जतनाची खूण पुष्कळांनी लावली आहे. तो आकडा मला दिसतो, आणि तो रोज वाढतो. येणारं मात्र एकच माणूस होतं. सकाळी चहाच्या वेळेला यायचं आणि खूप वेळ थांबायचं. कोण ते मला ठाऊक नाही. मी त्याच्यासाठीच विणून दाखवत होते. आता बरेच दिवस तेही आलेलं नाही. ते जिथे असेल तिथे बरं असो. जुनी पानं काढून टाकली आहेत. खुर्ची आवरते आहे."



"अगं, मी बरी आहे," सासूबाई टॅबलेटला म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, ती खुर्ची दूर आहे म्हणून, "बरी आहे मी!"

ह्यांनी घसा खाकरला. "पण आई, लिंक आपल्याकडे सुरक्षित आहे."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढ्या मोठ्या माणसावर रागवायचं तर त्याला आधी लहान करावं लागतं, आणि गाडीची वेळ होत आली होती.

भिंगरी तो स्वेटर घालून गेली. डाव्या बाजूला बाहीच नाही, आणि उजवीकडची बाही खांद्यावरून गळ्याभोवती गुंडाळून उरली ती वेगळ्या पिशवीत. शेवटचं टोक सासूबाईंनी मिटवलं नव्हतं. सुईतून उतरवून लोकरीचा धागा ओवून टाके तेवढे धरून ठेवले होते. "मिटवू नकोस आजी," भिंगरी म्हणाली होती. "सुट्टीत येईन तेव्हा आपण दोघी मिळून ठरवू वेल कुठे थांबवायची." बसच्या खिडकीतून तिचा बिनबाहीचा डावा हात आम्हाला दिसला, थंडीने आतापासूनच लाल झालेला.

तिकडे जाऊन तिने स्वतःचं एक छोटं पान सुरू केलं आहे. रोज त्यावर एक फोटो असतो. खोली, बर्फ, चहाचा कप, आणि उशाला गुंडाळून ठेवलेली बाही. सासूबाई ते पान उघडंच ठेवतात, साखरेच्या डब्याला टेकवून. टॅबलेटशेजारी विणकामाची सुई आडवी असते आणि ती टॅब बंद करायची हिंमत आजवर समितीने केलेली नाही.

परवा भिंगरीचा फोन आला. "बाबा, माझं पान पाहिलंत?"

"पहिल्याच दिवशी जतन केलं," हे अभिमानाने म्हणाले. "'कुटुंब' मध्ये, 'सवडीने' या पोटफोल्डरात."

 "म्हणजे पुढील आदेशापर्यंत बाहीच की, बाबा," ती म्हणाली.

ह्यांनी फोन ठेवला. मग उठून साखरेच्या डब्यापाशी गेले आणि आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. काय पाहिलं, ते कुठे नोंदवलेलं नाही.

'सवडीने' नावाचा एखादा फोल्डर तुमच्याकडेही असेलच. तो उघडून बघा, असं मी म्हणणार नाही. संदर्भ सुरक्षित आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. फक्त थंडी पडली आणि कुणी प्रेमाने काही अंगावर घातलं, तर दुसरा हात आत घालण्यापूर्वी तिथे बाही आहे का, तेवढं चाचपून घ्या.