फक्त विचारायचं होतं

श्रियाला चाळीस तंबाखू खाणारी माणसं हवी होती, आणि राजवाड्याजवळ हरीच्या पानठेल्यावर ती रोज उभी असत. पण श्रिया फॉर्म घेऊन समोर गेली की प्रत्येक जण पुडी खिशात सारून म्हणे, "हम तो इलायची खाते हैं, बेटी." मुलीच्या वयाच्या पोरीसमोर तंबाखू कबूल करायची म्हणजे लाजच की. श्रिया पब्लिक हेल्थचं एमपीएच करत होती. प्रबंधाचा विषय तंबाखूचं व्यसन. आठ दिवसांत दोन फॉर्म भरले, आणि ते दोघे खरोखरच इलायची खाणारे निघाले.

"मी जाऊ का?" वडील म्हणाले.

दिवाकरजी रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून रिटायर झालेले. पत्नी भानुमतीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दुपारी त्यांच्याशी बोलायला फक्त टीव्ही होता.

"जा बाबा, पण उपदेश नाही करायचा, स्टडी बिगडेल. फक्त विचारायचं आणि लिहायचं. महिन्यानं त्याच लोकांना परत तेच विचारायचं. उत्तरं सारखी आली तर फॉर्म भरवशाचा."

"चौतीस वर्षं दुसरं काय केलंय मी?"

चार दिवसांत चाळीस फॉर्म भरले. पाचव्या दिवशी काम नव्हतं, तरी पाय राजवाड्याकडेच वळले. कापडवाले चिंतामणजी पुडी फाडणार, तोच दिवाकरजींनी पिशवीतून त्यांचा फॉर्म काढला.

"तुम्ही दिवसाला सहा लिहिलंत. ही सातवी."

"मोजत बसलात काय, भिया?"

"सकाळपासून इथेच उभा आहे. सात करू का? माझं काही म्हणणं नाही. रेकॉर्ड बरोबर हवं."

चिंतामणजींनी पुडी परत केली. दुसऱ्या दिवसापासून दिवाकरजी रोज जाऊ लागले. उपदेश एका शब्दाचा नाही, नुसतं रेकॉर्ड.

महिन्यानं फॉर्म पुन्हा भरले, तर सरासरी अकरावरून चारवर आलेली. गाईड अमिता मॅडमनी कागद बाजूला सारले.

"हे घरी बसून भरलेत. सोमवारी खरे आकडे आण, नाहीतर वर्ष गेलं समज."

श्रियाला रडूच फुटलं, तशा मॅडम स्वतः तिच्याबरोबर ठेल्यावर गेल्या. त्यांना पाहताच हरी धावत आला.

"मॅडमजी, या काकाजींना घेऊन जा. लोक येतात, यांना बघतात अन् इलायची घेऊन चालले जातात. धंदा बुडाला माझा."

"फॉर्म बिघडला," मॅडम म्हणाल्या, "पण हा तर इलाज दिसतोय. विषय बदलू. बाबांना महिनाभर ठेल्यावर पाठवू नकोस. ते नसताना आकडे वाढतात का बघू."

दिवाकरजी घरी बसले. एकाच तुळशीला दिवसातून चारदा पाणी घालू लागले. तिसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. दारात चिंतामणजी, मागे सहा जण, सगळ्यांच्या मागे इलायचीचा डबा घेऊन हरी.

"बाबांना ठेल्यावर येता नाही येणार," श्रिया म्हणाली. "स्टडी चालू आहे."

"माहीत आहे, बेटा," चिंतामणजी म्हणाले. "म्हणून आम्हीच आलो. काल माझ्या चार झाल्या, आज तीन. सांगायचं कुणाला? घरी सांगितलं तर बायको म्हणते, अच्छा, म्हणजे खाता तर!"

"आणि हरीभिया, तुम्ही?"

"गिऱ्हाईक सगळं इथे. तिथे बसून मी काय माश्या मारू?"

तोवर दिवाकरजींनी खुर्च्या मांडल्यासुद्धा. त्यांचा इतका मोठा आवाज श्रियानं दोन वर्षांत ऐकला नव्हता. तिनं आत जाऊन मॅडमना फोन लावला.

"मॅडम, परत बिघडलं. सगळे घरीच आलेत."

"आकडे वाढले?"

"नाही. अजून कमी झालेत."

"मग बिघडलं कुठे? जे झालं ते लिही, पास होशील." मॅडमनी आवाज खाली आणला. "ही मंडळी किती वाजेपर्यंत बसतात?"

"का, मॅडम?"

"एक कोरा फॉर्म ठेवायला सांग बाबांना. मला सुपारी लागते. किती, ते त्यांनाच सांगीन. तुला नाही."